आमरण कीटो

डॉक्टर, माझं वाटोळं तुम्ही केलं!

नाव घेत नाही. घेतलं तर तुमचं आणखी नाव व्हायचं. पांढरा कोट, मागं काचेचं कपाट, समोर ताटलीत हिरवा पाला, आणि दर दोन मिनिटाला "मित्रांनो" म्हणायची सवय. एवढी खूण पुरे. मोबाईलवर लाखानं लोक तुमचं ऐकतात म्हणे. त्या लाखांत मी पण एक होतो, ही माझी चूक. पण बाकीची सगळी चूक तुमची!

चरबी कमी करायला काय खायचं ते तुम्ही सांगितलं. काय नाही खायचं ते सांगितलं. किती तास तोंड बंद ठेवायचं ते घड्याळ दाखवून सांगितलं. पण कोणत्या जिल्ह्यात उपाशी बसायचं, हे कोण सांगणार होतं? पुण्यात माणूस जेवला नाही तर त्याला डाएट म्हणतात. आमच्या जालना जिल्ह्यात माणूस मंडपात बसून जेवला नाही तर तालुक्याची गाडी येते!

वाचकहो, आता तुम्हीच न्याय करा. सगळं सांगतो. खोटं एक अक्षर नाही.

मी भुजंग. तीर्थपुरीच्या अलीकडं सहा किलोमीटरवर आमचं गाव, आणि त्या गावाचा मी एकोणीस वर्षं वॉलमन. वॉलमन म्हणजे टाकीखालचे वॉल फिरवून गावाला पाणी सोडणारा माणूस. सरपंच पाच आले, पाच गेले. मी होतो तिथंच. खालच्या आळीचा वॉल जमिनीवर आहे, तो शेंबडं पोरगंही फिरवेल. पण वरच्या आळीचा वॉल सात फूट खोल चेंबरात होता. त्याचे आटे झिजलेले. त्याला आधी उलटा अर्धा फेरा द्यायचा, मग खांद्यानं रेटायचा, मग एक शिवी द्यायची, मग तो फिरायचा. ही कला पंचक्रोशीत माझ्या एकट्याकडं! दुसऱ्या दोघातिघांनी उतरून बघितलं. पाना घेऊन गेले, सालटं काढून आले.

अडचण एकच. चेंबराचं तोंड दीड फूट. आणि तवा माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो.

तीन-चार महिन्यांमागं मी उतरायला गेलो आणि कमरेत अडकलो. खाली पाय लोंबकळतायत, वर छाती आणि मिशा. ना खाली, ना वर! बाटलीला मक्याच्या कणसाचं बूच लावावं तसा मी त्या तोंडात बसलो. पाच माणसांनी दोर लावून ओढलं मला. आणि ओढता ओढता गाव काय म्हणत होतं? "नाव भुजंग अन् बिळात जाईना!"

त्या दिवसापासून वरच्या आळीचं पाणी बंद. सरपंच सोमेश्वर, माझ्या पुतण्याच्या वयाचा पोरगा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "भुजंगभाऊ, मी तुमची इज्जत करतो. पण पंधरा दिवसांत तुम्ही चेंबरात उतरायला पाह्यजे. न्हाई तर मला दुसरा बारीक माणूस बघावा लागंल."

एकोणीस वर्षांची नोकरी आणि अट काय, तर कंबर!

मी घरी आलो आणि मिशीवर हात ठेवून दुर्गाला सांगितलं, "दुर्गे, हा भुजंग मनात आणील तर पंधरा दिवसांत दोऱ्यासारखा होऊन दाखवील!"

दुर्गा म्हणाली, "सुईच्या नेढ्यात मीच घालते तुम्हाला. आधी भाकर खाऊन घ्या."

तवा मी तुमचा व्हिडिओ लावला, डॉक्टर. 'नवशिक्यांसाठी उपवास आणि कीटो'. ज्वारी बंद, बाजरी बंद, भात बंद, साखर बंद, गूळ बंद. तूप खा, लोणी खा, अंडी खा, पनीर खा. चरबी जाळायला चरबी खायची! हे ऐकून आधी मला वाटलं, मोबाईल गरम झालाय म्हणून असं बोलतोय. पण तुम्ही कागदावर गोल काढून समजावलं. आधी तीन दिवस नुसतं पाणी आणि चिमूटभर मीठ, म्हणजे अंगातली साखर संपते. मग कीटो चालू. मी वहीत लिहून घेतलं. तुमचं ते ॲव्होकॅडो पण लिहिलं. तीर्थपुरीच्या बाजारात मागितलं तर भाजीवाल्या म्हातारीनं वर खाली बघून मला दोडका दिला. "हेच असंल बाबा," म्हणाली.

रविवारी सकाळी चालू केलं. दुर्गाला म्हणालो, "आजपासून तीन दिवस मी काही खाणार न्हाई."

"उपवास?"

"उपवासच समज."

"मंग साबुदाणा भिजू घालते."

"अगं, काहीच न्हाई खायचं!"

"काहीच कसं न्हाई? भगर करते. शेंगदाण्याची आमटी करते. रताळी हाय घरात. केळी आणायला सांगते."

वाचकहो, आमच्या घरात साध्या दिवशी माणूस दोन भाकरी खातो आणि उपवासाला पाच पदार्थ! दहा वाजेपर्यंत घरात शेंगदाणे भाजल्याचा असा वास सुटला की माझं मनगट आपोआप कढईकडं जायला लागलं. मी पाण्याची बाटली, मिठाची पुडी आणि सतरंजी उचलली आणि घरातून पळालो.

आता पळून जायचं कुठं? टाकीजवळ मारुतीच्या देवळापुढं सप्त्याचा मंडप तसाच उभा होता. सप्ता शनिवारी संपला, पण मंडपवाल्या कडूबाचा टेम्पो बंद पडला होता, म्हणून मंडप, गाद्या, माईक सगळं तिथंच. सावली होती, वारा होता, जेवणाचा वास नव्हता. मी गादीवर बसलो. बस्स! एवढाच माझा गुन्हा!

कडूबा मंडपाच्या दोऱ्या तपासत होता. म्हणाला, "भुजंगा, हितं काय करून राह्यला?"

"बसलोय."

"जेवला?"

"न्हाई. तीन दिवस जेवणार न्हाई."

कडूबाचा चेहराच बदलला. तो उकिडवा बसला, आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाच्या विरोधात?"

"कुणाच्या न्हाई रे. माझ्या पोटाच्या."

"कळलं. सरपंच तुला काढून राह्यलाय, हे गावाला म्हाईत हाय. पोटावर पाय आला की माणूस बसतोच."

"कडूबा, तसं न्हाई. हे डाएट हाय. डाएट!"

"हा, तसंच म्हण. आधी सगळे तसंच म्हणतात."

पोट रिकामं, डोकं जड. मला तिथंच डुलकी लागली. तासाभरानं डोळे उघडले तर डोक्यावर लाल अक्षरांचा पडदा! आमच्याकडच्या मंडपवाल्यांकडं दोन पडदे कायम तयार असतात. एक 'शुभविवाह' आणि दुसरा 'आमरण उपोषण'. दुसऱ्याला खाली मागणीची जागा कोरी ठेवलेली असते. कडूबानं त्या कोऱ्या जागेत खडूनं लिहिलं होतं, 'वरच्या आळीला पाणी'.

"अरे, हे काय केलंस!"

"मागणी टाकावी लागती ना भाऊ. बिनमागणीचं उपोषण कोण इचारतं?"

दुपारपर्यंत वरच्या आळीच्या वीसेक बाया रिकामे हंडे घेऊन येऊन बसल्या. पुढं झुंबरबाई. तिला गावात सरपंचसुद्धा मावशी म्हणतो आणि रस्ता सोडतो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"भुजंग्या, मी तुला लई शिव्या दिल्या रे. अडकला तवा हसले पण. पण तू आमच्यासाठी अन्न सोडशील, असं सपनात वाटलं न्हाई!"

"मावशी, मी तुमच्यासाठी न्हाई सोडलं. वजन कमी करायला सोडलंय. तीन दिवसांनी खाणार हाय मी. अंडी खाणार हाय!"

झुंबरबाई बायांकडं वळली. "भ्रम झालाय त्याला. उपाशीपोटी बडबडून राह्यलाय."

मी उठायला गेलो. झुंबरबाईनं माझा सदरा धरला. "आता उठला तर लोक म्हणतील सरपंचानं ईकत घेतला. मंग आम्ही वीस जणी हे हंडे तुझ्या दारात आपटू. बस खाली!"

बसलो. काय करता?

मंगळवारी तुम्ही सांगितलेलं सगळं बराबर व्हायला लागलं, डॉक्टर. डोकं ठणकायला लागलं, हातपाय गार, तोंडाला गंजलेल्या नळाची चव. तुम्ही म्हणाला होता, "घाबरू नका, हे चरबी जळायचं लक्षण आहे." मी घाबरलो नाही. पण गाव घाबरलं! आरोग्य केंद्रातून प्रीती मॅडम आल्या. त्यांनी बीपी बघितला, जिभेचा रंग बघितला आणि मला झापलं.

"कुणी सांगितलं हे तुम्हाला? वय काय तुमचं? चक्कर येऊन पडलात म्हणजे?"

"मॅडम, काटा आणलाय का? माझं वजन करा ना!"

त्यांनी काटा ठेवला. मी देवाचं नाव घेऊन चढलो. पंच्याण्णव पूर्णांक सात! दोन किलो तीनशे ग्रॅम कमी! दोन दिवसांत! मी काट्यावरच उडी मारली. दोन्ही हात वर करून ओरडलो, "कमी झालं! कमी झालं!"

आणि तिकडं कडूबानं माईक हातात घेतला. "ऐका हो ऐका! उपोषणकर्ते भुजंगभाऊ यांचं वजन दोन किलो तीनशे ग्रॅमनं घटलं आहे! तब्येत खालावली आहे! प्रशासनानं नोंद घ्यावी!"

बायांनी डोळ्याला पदर लावले. मी हसतोय, त्या रडतायत. झुंबरबाई म्हणाली, "बघा गं बायांनो, हसत हसत मरायला निघालाय!"

वाचकहो, माणसाच्या आयुष्यात वजन कमी झाल्याचा आनंद एकदा येतो आणि तोही दुःखद बातमी म्हणून माईकवरून जातो! याला काय म्हणावं?

संध्याकाळच्या आत सरपंच आला. गॉगल काढून शेजारी बसला. लोकांकडं बघून हसत होता आणि मला दात खाऊन बोलत होता.

"भुजंगभाऊ, मी तुम्हाला खाजगीत बोललो होतो. तुम्ही गाव गोळा केलं."

"सरपंच, मारुतीची शप्पथ, मी डाएट करून राह्यलोय. तुमचीच अट पुरी करायला!"

"डाएट माणूस घरी करतो भाऊ. मंडपात, माईक लावून करत न्हाई."

"माईक कडूबानं लावला!"

"अन् पडदा?"

"तो पण कडूबानं!"

"अन् उपाशी कोण हाय? कडूबा?"

जाताना तो माझ्या कानाशी वाकला. "उद्या तालुक्याचे साहेब येऊन राह्यले. तिथं माझं नाव घेतलं, तर वॉलमन तर सोडा, तुम्हाला नळाला हात लावू देणार न्हाई."

घ्या! वजन कमी करून नोकरी वाचवायला निघालो होतो. वजन दोन किलोनं कमी झालं आणि नोकरी अख्खी धोक्यात आली. हा हिशोब तुमच्या कोणत्या व्हिडिओत बसतो, डॉक्टर?

बुधवारी दुपारी बारा वाजता माझे तीन दिवस संपणार होते. मी दुर्गाला आधीच सांगून ठेवलं होतं. चार अंडी, गावरान तुपात. डब्यात आण, गुपचूप आण. बारात वीस कमी असताना ती आली. पण कशी? लग्नातला हिरवा शालू नेसून, नाकात नथ, केसात गजरा!

"डबा कुठाय?"

"कॅमेरावाला येणार हाय म्हणं. नवऱ्याच्या उपोषणात बायकोनं अंडी घेऊन यायचं व्हय? देवाच्या मंडपात? लोक काय म्हणतील!"

"दुर्गे, मी उपोषणाला बसलो न्हाई, तुला तरी म्हाईत हाय ना!"

"मला म्हाईत हाय. पण आता गावाला कुठं सांगत बसू? कालपासून बाया मला वहिनी म्हणून उठून जागा देऊन राह्यल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!"

मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात गाडी आली. तालुक्याचे साहेब उतरले. हातात फाईल, मागं शिपाई, शिपायाच्या हातात मोसंबीच्या रसाचा भलामोठा ग्लास. आमच्याकडं उपोषण कशानंही सुरू होतं, पण सुटतं मोसंबीनंच. एवढ्या बागा आहेत जिल्ह्यात, दुसरं कोण काय आणणार? मोबाईल वर झाले. कॅमेरावाला खुर्चीवर चढला.

साहेब हात जोडून म्हणाले, "भुजंगराव, तुमच्या भावना शासनापर्यंत पोचल्या. उद्यापासून वरच्या आळीला टँकर. हा रस घ्या आणि उपोषण सोडा."

मी ग्लासाकडं बघितलं, डॉक्टर. पिवळाधमक, वर फेस, काठावर साखर चिकटलेली. तीन दिवसांचा उपाशी माणूस मी! पण तुमचं बोट माझ्या डोळ्यासमोर नाचलं. "मित्रांनो, फळांचा रस म्हणजे विष! एक ग्लास प्यालात की तीन दिवसांची मेहनत पाण्यात!"

मी तोंड फिरवलं. "हे चालत न्हाई साहेब."

गर्दीतून आवाज उठला, "भुजंगभाऊ, आगे बढो!"

साहेबांनी घाम पुसला. "टँकर रोज दोन. लेखी देतो." त्यांनी तिथल्या तिथं फाईलवर लिहिलं. "आता घ्या."

"साहेब, तुम्ही समजून घ्या. मला रस नको. आणायचंच होतं तर लोणी आणायचं."

साहेब सरपंचाकडं बघायला लागले. सरपंच आभाळाकडं. झुंबरबाई ओरडली, "लोणी लावू नका म्हणतोय तो! टँकरवर फसणार न्हाई! कायमचं करा!"

टाळ्या! साहेब बाजूला गेले, फोनवर कुणाशी तरी बोलले आणि परत आले. "नवा वॉल मंजूर. महिनाभरात बसवू. आता तरी घ्या हो भुजंगराव, मला अंबडला पण जायचंय. तिथं पण एक बसलाय."

नवा वॉल! माझा जीव थोडा भांड्यात पडला. नवा वॉल म्हणजे आटे नवे, म्हणजे फिरवायला सोपा. पण चेंबर तेच, तोंड तेच, दीड फूट. वजन कमी करणं भागच होतं. मी ग्लास पुन्हा ढकलला. "न्हाई साहेब. मी अजून कमी झालो न्हाई."

"अजून कमीच पडतंय म्हणतो!" कडूबा माईकवर गरजला. साहेबांचा कागद घामानं ओला झाला. त्यांनी माझा हात धरला, आवाज चढवला आणि एका दमात बोलले, "ठीक आहे! ऑटोमॅटिक वॉल देतो! जमिनीच्या वर! मोबाईलवर बटन दाबलं की पाणी! ते चेंबर कायमचं बुजवून टाकतो! यापुढं या गावात कुणाला वॉलसाठी उतरायची गरज नाही, वॉलमनची सुद्धा गरज नाही! बोला, आणखी काय पाहिजे?"

गाव उसळलं. हंडे वाजले. शिट्ट्या! गुलाल कुठून आला देव जाणे! आणि माझ्या पायाखालची गादी सरकली.

"नको!" मी ओरडलो. "साहेब, हे नको!"

"हे पण नको?" साहेब रडकुंडीला आले. "मग मी वर विचारतो, टाकीच दुसरी..."

वाचकहो, तिथं माझं डोकं फिरलं. हा माणूस असाच देत सुटला तर टाकी पण जाईल, नळ पण जातील, माझं नखभर काही उरणार नाही. याचं तोंड बंद करायचा एकच मार्ग मला दिसला. मी शिपायाच्या हातातला ग्लास हिसकावला आणि डोळे मिटून घटाघट प्यालो. शेवटच्या थेंबापर्यंत! तळाची साखर पण बोटानं चाटली!

आणि मग कळलं. रस प्याला, म्हणजे मान्य केलं. सगळं. लेखी, फोटोसकट!

कॅमेऱ्याचा उजेड पडला. सरपंचानं माझ्या गळ्यात हार घातला, साहेबांनी शाल. दुर्गानं मला ओवाळलं. झुंबरबाईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला, तिच्यामागं वीस बायांनी वीस पेढे कोंबले. तीन दिवस साखरेला शिवलो नव्हतो, तीन मिनिटांत सगळी वसूल! मला चक्कर आली ती पेढ्यांनी आली. पेपरात छापून आलं की आनंदाश्रूंनी उपोषणकर्त्याचा कंठ दाटला.

बरं, साहेब शब्दाला पक्के निघाले. आमच्याकडं अर्ज बारा वर्षं पडून राहतात, पण हे काम बावीस दिवसांत झालं. आता वॉल सरपंचाच्या मोबाईलवर आहे. तो लग्नात जेवता जेवता डाव्या हाताच्या अंगठ्यानं वरच्या आळीला पाणी सोडतो. मी विचारायला गेलो तर म्हणाला, "भुजंगभाऊ, मी तुम्हाला काढलं न्हाई. पदच उरलं न्हाई. अन् ते तुमच्याच मागणीवरून गेलं. ठरावात तुमचं नाव हाय, अभिनंदनासकट."

मला राग आला, डॉक्टर. पण रागात माणूस भाकर सोडतो, आणि भाकर सोडायची सवय मला तुम्हीच लावली होती! दोन महिने मी तुमचा कीटो केला. अंडी खाल्ली, तूप खाल्लं, मेथी खाल्ली, मोसंबीच्या बागेवरून जाताना नाक दाबलं. प्रीती मॅडमनी दर आठवड्याला काट्यावर उभं केलं आणि दर आठवड्याला झापलं. खोटं बोलणार नाही. मी ब्याऐंशीवर आलो. पट्ट्याला चार भोकं नवीन पाडली. परवा मी टेप घेतला, कंबर मोजली, खांदे मोजले. दीड फुटाच्या तोंडातून मी आता आडवा उभा कसाही जाईन, मिशांना चुना सुद्धा लागणार नाही.

मग टाकीजवळ गेलो. चेंबराच्या जागी सिमेंटचा ओटा आहे. त्यावर झुंबरबाईनं पापड वाळत घातले होते. मला बघून म्हणाली, "भुजंग्या, किती वाळलास रे! काय दुखणं झालं का?"

तर डॉक्टर, आता तुम्ही बोला. 'मित्रांनो' नको, पाल्याची ताटली नको, कागदावर गोल नको. बारीक व्हायचं कसं, ते तुम्ही सांगितलं. मी झालो. आता एवढा बारीक होऊन मी उतरू कुठं?

उत्तर द्या!